आयटीईच्या आकड्यावरून बोर्डाचा निकाल ओळखता येतो का?

प्रश्न: मॅडम, मी अमेरिकेतल्या एका मध्यम शहरात, कम्युनिटी हॉस्पिटलच्या इंटर्नल मेडिसिन प्रोग्रॅममध्ये नुकताच असोसिएट प्रोग्रॅम डायरेक्टर झालोय. आमच्याकडे दर वर्षी १२ रेसिडेंट येतात, त्यातले निम्म्याहून जास्त भारतातून किंवा इतर देशांतून शिकून आलेले. गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या ३६ जणांपैकी ७ जण बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाले. आमचे चेअरमन म्हणतात, आयटीईत, म्हणजे दर वर्षीच्या इन-ट्रेनिंग परीक्षेत, ३० पर्सेंटाइलच्या खाली येईल त्याला सरळ प्रोबेशनवर (अधिकृत ताकीद देऊन देखरेखीखाली) टाका. गंमत म्हणजे नापास झालेल्या सातही जणांबद्दल फॅकल्टीचे शेरे उत्तम होते. आयटीईवरून बोर्डाचा अंदाज खरंच बांधता येतो का? कट-ऑफ कुठे ठेवावा? आणि फॅकल्टीच्या शेऱ्यांवर किती भरवसा ठेवावा?

उत्तर:

अंदाज बांधता येतो आणि तो बऱ्यापैकी चांगला असतो. मात्र चेअरमन त्या अंदाजाकडून जे काम करून घेऊ पाहतायत ते त्याला झेपणारं नाही. कुणाकडे लवकर लक्ष द्यायचं हे आयटीई सांगते. कोण नापास होणार हे ती सांगत नाही. अशाच प्रोग्रॅममध्ये मी बरीच वर्षं डायरेक्टर म्हणून काम करते आहे आणि रेसिडेंटच्या प्रगतीचा आढावा घेणाऱ्या आमच्या क्लिनिकल कॉम्पिटन्सी कमिटीत हा विषय दर हिवाळ्यात निघतो. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथे इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची असते. ती संपली की एबीआयएमची, म्हणजे अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनची, बोर्डाची परीक्षा. एक दिवस, जास्तीत जास्त २४० प्रश्न, दोन-दोन तासांचे चार भाग, प्रत्येक भागात साठपर्यंत प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं. आयटीई म्हणजे इन-ट्रेनिंग एक्झाम. ती अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स १९८८ पासून घेतं, दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, तिन्ही वर्षांच्या रेसिडेंटना एकच पेपर. डीएनबी केलेल्यांना फॉर्मेटिव्ह असेसमेंट टेस्ट आठवेल, साधारण त्याच जातीची. पास-नापास असा शिक्का नाही. किती टक्के उत्तरं बरोबर आली, देशभरातल्या आपल्या वर्षाच्या मुलांत आपण कुठे आहोत, आणि कुठले मुद्दे चुकले त्यांची यादी, एवढं हातात येतं.

चेअरमनची घालमेल मी समजू शकते. रेसिडेन्सी प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या एसीजीएमईच्या नियमानुसार मागच्या तीन वर्षांतल्या, पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्यांचा एकत्रित निकाल त्या विषयातल्या देशभरच्या प्रोग्रॅममध्ये तळाच्या पाच टक्क्यांत असता कामा नये. ८० टक्के पास असतील तर मात्र क्रमांक कितवाही असो, नियम पाळला गेला असं धरतात. तुमचे ३६ पैकी २९ पास, म्हणजे ८० टक्क्यांच्या अगदी काठावर. आणखी एक नापास झाला की ७८ टक्क्यांवर घसराल. छोट्या प्रोग्रॅममध्ये एकेक माणूस जवळजवळ तीन टक्क्यांचा असतो, त्यामुळे तिथे सगळे घाबरून निर्णय घेतात. देशभरात पहिल्यांदा बसणाऱ्यांचा निकाल गेल्या काही वर्षांत नव्वद टक्क्यांच्या आसपास, अलीकडे थोडा खालीच राहिला आहे. म्हणजे तुमच्याकडे नापास होणाऱ्यांचं प्रमाण देशाच्या दीडपट ते दुप्पट आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आयटीई आणि बोर्ड यांचं नातं. यावर गेली तीन दशकं बरेच अभ्यास झालेत, फक्त मेडिसिनमध्ये नाही. ऑर्थोपेडिक्सची इन-ट्रेनिंग परीक्षा तर १९६३ पासून चालू आहे. बहुतेक विषयांत दोन्ही परीक्षांच्या गुणांचा सहसंबंध ०.६ ते ०.७ च्या घरात येतो. एका लेखी परीक्षेने दुसऱ्या लेखी परीक्षेबद्दल एवढं सांगावं यात नवल नाही. पण ०.७ चा वर्ग करून पाहा, ०.४९ येतो. म्हणजे बोर्डाच्या गुणांत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला जेमतेम निम्मा आयटीईच्या आकड्याने समजतो. उरलेला निम्मा आयटीईनंतर त्या मुलाने काय केलं, त्याचं काय झालं आणि त्या दिवशी नशीब कसं होतं यातून येतो. तुमच्या हातात काही असेल तर ते या दुसऱ्या निम्म्यात आहे.

कट-ऑफचा विचार आपण वॉर्डात एखाद्या स्क्रीनिंग टेस्टचा करतो तसा करा. समजा, एका कट-ऑफने नापास होणाऱ्या १० पैकी ७ जण पकडले जातात आणि पास होणाऱ्या १० पैकी ८ जणांना ती बरोबर सोडून देते. हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत, पण अवास्तव नाहीत. शंभर रेसिडेंट घ्या, त्यातले दहा नापास होणारे. कट-ऑफखाली सापडतील २५ जण: नापास होणारे ७ आणि पास होणारे १८. म्हणजे ज्यांच्यावर खूण केली त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश काहीही न करता पास झाले असते. उलट वर राहिलेल्या ७५ जणांतले ७२ पास. आयटीईची खरी ताकद इथे आहे. ती ‘हा मुलगा बहुधा ठीक आहे’ हे फार चांगलं सांगते, ‘हा बुडणार’ हे फार वाईट.

तुमच्या प्रोग्रॅमला तीच टेस्ट लावून बघा. तुमच्याकडे शंभरात वीस नापास होतात असं धरू. आता खूण होईल ३० जणांवर, त्यात नापास होणारे १४. म्हणजे जवळजवळ निम्मे. टेस्ट तीच, कट-ऑफ तोच, पण निकालाचा अर्थ बदलला. दुसऱ्या प्रोग्रॅमचा कट-ऑफ उचलून आपल्याकडे लावण्यात हीच अडचण आहे. तुमच्या चेअरमनचा ३० हा आकडा कुठून आला ते विचारा. शल्यचिकित्सेत ३५ पर्सेंटाइल हा आकडा प्रसिद्ध आहे. २०१० मधल्या एका अभ्यासात, एबीसाइट या त्यांच्या इन-ट्रेनिंग परीक्षेत ३५ च्या वर राहिलेल्यांचं बोर्ड पहिल्या खेपेत पास होणं जास्त दिसलं होतं. तिथून तो आकडा कानोकानी सगळ्या विषयांत पसरला. सर्जरीचं बोर्ड वेगळं, मुलं वेगळी, परीक्षा वेगळी. फॅमिली मेडिसिनवाल्यांनी याबाबतीत शहाणपणा दाखवलाय. त्यांच्या बोर्डाने आयटीई आणि बोर्ड दोन्हींची पट्टी एकच ठेवली आणि बेझच्या पद्धतीवर आधारलेलं एक साधन दिलं, ज्यात आयटीईचे गुण घातले की पास होण्याची शक्यता किती ते कळतं. ‘पास’ किंवा ‘नापास’ असं ठोक उत्तर ते देत नाही, आणि रेसिडेंटशी बोलायला बसताना तसंच उत्तर हाती असलं पाहिजे.

पर्सेंटाइलचा मोह तर सोडाच. एबीआयएमची पास होण्याची रेषा ठरलेली असते, २०० ते ८०० च्या पट्टीवर ३६६. तुमच्या बॅचमधले बाकीचे किती हुशार यावर ती हलत नाही. आयटीईचं पर्सेंटाइल मात्र पूर्णपणे बाकीच्यांवर अवलंबून. एखादी मुलगी पहिल्या वर्षी ५६ टक्के प्रश्न बरोबर सोडवते, दुसऱ्या वर्षी ६३ टक्के, आणि दोन्ही वर्षी तिचं पर्सेंटाइल २५ च्या आसपासच राहतं, कारण सगळी बॅच पुढे सरकलेली असते. चेअरमनच्या नियमाने ती ‘सुधारणा नाही’ या रकान्यात जाते. माझ्या लेखी ती वर्षभरात सात टक्के पुढे गेलेली मुलगी आहे, आणि त्या वेगाने चालली तर तिची मला फारशी काळजी नाही. काळजी त्या मुलाची आहे जो पहिल्या वर्षी ६४ वर होता आणि दुसऱ्या वर्षीही ६४ वर, पण पहिलं वर्ष बरं गेल्यामुळे कुणाचं लक्ष नाही.

शिवाय त्या टक्क्यांतही चढउतार असतोच. सुमारे ३०० प्रश्नांचा पेपर धरला तर ६२ टक्के मिळवणाऱ्याची प्रमाण-त्रुटी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास निघते. तेवढ्याच तयारीवर पुढच्या आठवड्यात पुन्हा बसला असता तर ५९ किंवा ६५ सहज पडले असते. मधल्या भागात मुलांची गर्दी असल्याने तेवढ्या तीन टक्क्यांनी पर्सेंटाइल दहा-पंधराने उडी मारतं. २८ आणि ३३ पर्सेंटाइलच्या दोन मुलांत फरक आहे असं कोणत्याही प्रामाणिक माणसाला सांगता येणार नाही. आणि त्यातल्या एकालाच तुम्ही प्रोबेशनवर टाकणार?

आकड्याबरोबर परिस्थितीही नोंदवा. आमच्याकडे आयटीईच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना असतो: त्या आठवड्यात रोटेशन कुठलं होतं, आदल्या रात्री ड्यूटी होती का. नाइट फ्लोटवरून उतरून सकाळी पेपरला बसलेल्याच्या आकड्याचा अर्थ वेगळा. हा रकाना भरायला लागल्यापासून आमची चीफ रेसिडेंट आयटीईच्या आठवड्यात नाइट ड्यूट्या जमतील तितक्या बाजूला सरकवते, तो एक फायदाच झाला.

कोणत्या वर्षीची आयटीई बघावी? तिसऱ्या वर्षाची बोर्डाच्या जवळची, त्यामुळे तिचा अंदाज साहजिकच जास्त बरोबर. पण तिचा निकाल हातात येईपर्यंत शरद ऋतू उलटतो आणि बोर्ड पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. वर रेसिडेन्सी ३० जूनला संपते, फेलोशिप, म्हणजे पुढचं उपशाखेचं प्रशिक्षण, १ जुलैला सुरू होते. मधल्या काळात मुलं घर बदलतात, दुसऱ्या राज्यात जातात, नव्या हॉस्पिटलचं कॉम्प्युटर रेकॉर्ड शिकतात, कुणाचं एच-१बीचं काम अडकलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये अभ्यास करू म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो जमतो. म्हणून मी दुसऱ्या वर्षाच्या आयटीईला सर्वांत जास्त वजन देते. ती पुरेशी विश्वासार्ह असते आणि तिच्यानंतर काहीतरी करायला दीड वर्षाहून जास्त वेळ हातात असतो. पहिल्या वर्षाची आयटीई इथे येऊन दोन-अडीच महिने झालेल्या मुलाची असते. ती मी आरंभबिंदू म्हणून जपून ठेवते, तिच्यावरून काही ठरवत नाही.

पूर्वी यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरी परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेच्या, स्टेप १ चे गुणही हाताशी असायचे. जानेवारी २०२२ पासून ती परीक्षा पास-नापास झाली. आता येणाऱ्या मुलांबद्दल स्टेप २ सीकेचा आकडा तेवढा आहे. तो आयटीईच्या जोडीने बघावा, कारण क्लिनिकल प्रश्नांची त्याची धाटणी बोर्डाला जास्त जवळची आहे.

तुमच्याकडे कुणी हुशार माणूस असेल तर तो म्हणेल, आपल्याच ३६ मुलांच्या आकड्यांवरून आपलं स्वतःचं मॉडेल बनवू. नका बनवू. तुमच्याकडे नापास झालेले सात आहेत. सात घटनांवर एका चलाचंही धड मॉडेल उभं राहत नाही, आणि ते स्टेप २, आयटीई, वय, पदवीचं वर्ष, व्हिसा सगळं त्यात घालणार. उत्तर सुबक येईल आणि पुढच्या बॅचला लागू पडणार नाही. त्याहून अवघड गोष्ट अशी की तुम्ही खूण केलेल्या मुलाला मदत केलीत आणि तो पास झाला, तर आकडेवारीत तुमचा अंदाज चुकला असं दिसतं. चांगल्या प्रोग्रॅममध्ये आयटीई आणि बोर्ड यांचं नातं सैल होत जायला हवं. मी आमच्या वार्षिक आढाव्यात नेमकं हेच बघते: दुसऱ्या वर्षी कमी पडलेल्यांपैकी किती जणांनी अंदाज खोटा पाडला.

आता फॅकल्टीच्या शेऱ्यांकडे येते. सातही जणांचे शेरे उत्तम होते याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही, आणि ते शेरे खोटे होते असंही मी म्हणणार नाही. वॉर्डात अटेंडिंग, म्हणजे देखरेख करणारा वरिष्ठ डॉक्टर, काय बघतो? मुलगा वेळेवर येतो का, नर्सशी नीट बोलतो का, नोट्स पूर्ण करतो का, पेशंटच्या घरच्यांना समजावतो का, अडल्यावर विचारतो का. हे सगळं खरं आणि महत्त्वाचं. पण त्या चांगुलपणाचा उजेड ‘वैद्यकीय ज्ञान’ या रकान्यावरही पडतो. पाचपैकी चार, सगळ्यांना चार, सगळीकडे चार. एसीजीएमईने २०१३ मध्ये माइलस्टोन, म्हणजे प्रत्येक कौशल्यात रेसिडेंट कुठल्या टप्प्यावर आहे ते नोंदवण्याचे रकाने, आणले ते हेच तोडण्यासाठी, आणि इंटर्नल मेडिसिनमध्ये २०२१ पासून त्यांची दुसरी आवृत्ती चालू आहे. तरी अनेक कमिट्यांत एका मुलाच्या सगळ्या रकान्यांतून एकच आडवी रेघ ओढलेली दिसते. सहामाहीच्या बैठकीत बारा-बारा मुलांचे तक्ते दोन तासांत भरायचे असले की दुसरं होणार तरी काय?

तरीही हे शेरे निरुपयोगी नाहीत. २०१६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात वैद्यकीय ज्ञानाच्या माइलस्टोनचं एबीआयएमच्या गुणांशी नातं दिसलं होतं. म्हणजे तो विशिष्ट रकाना विचार करून भरला तर काहीतरी सांगतो. आमच्याकडे आम्ही अटेंडिंगना एक साधा प्रश्न जोडून विचारतो: ‘या महिन्यात या रेसिडेंटला न येणारी, पण या टप्प्यावर यायला हवी होती अशी एक गोष्ट लिहा.’ आकडा मागितला की चार येतो. वाक्य मागितलं की ‘हायपोनेट्रिमियाचं (रक्तात सोडियम कमी होण्याचं) वर्क-अप दर वेळी मला विचारून करते’ असं काहीतरी येतं. आयटीईच्या निकालात नेफ्रॉलॉजी (किडनीचा विषय) खाली आणि तीन अटेंडिंगच्या वाक्यांत सोडियम, अशी जुळणी दिसली की मग ती गोष्ट मी गंभीरपणे घेते.

ही परीक्षा म्हणजे नुसती कागदी गोष्ट, पेशंटशी तिचा काय संबंध, असं म्हणणारेही तुम्हाला भेटतील. २०२४ च्या मे महिन्यात जामात एक मोठा अभ्यास आला. सुमारे ६,९०० नव्या हॉस्पिटलिस्टनी (फक्त भरती पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांनी) सांभाळलेल्या मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याच्या, पेशंटचे साडेचार लाखांहून जास्त भरती-प्रसंग त्यात तपासले होते. बोर्डात वरच्या चतुर्थांशात गुण मिळवलेल्यांच्या पेशंटमध्ये, तळाच्या चतुर्थांशातल्यांच्या तुलनेत, सात दिवसांतले मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी कमी होते. माइलस्टोनच्या आकड्यांशी मात्र असं नातं दिसलं नाही. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, कारण आणि परिणाम त्याने सिद्ध होत नाहीत, आणि माइलस्टोन निरर्थक आहेत असं तर मुळीच नाही. पण ज्ञान मोजणारी परीक्षा पेशंटच्या खाटेपर्यंत पोचते असं मानायला तो सबळ आधार आहे. बोर्डाच्या तयारीला मी एसीजीएमईचा टक्का सांभाळण्यापेक्षा मोठं काम समजते ते त्यामुळे.

आणि तरीही प्रोबेशनला माझा ठाम विरोध आहे. कारणं सांगते, चेअरमनना जशीच्या तशी सांगा. एक तर परीक्षा घेणाऱ्या कॉलेजचीच भूमिका अशी आहे की आयटीई ही स्व-परीक्षणासाठी आहे, बढती किंवा फेलोशिपची निवड यासाठी ती वापरू नये. तुमच्या नियमावर कुणी हरकत घेतली तर पहिला कागद तोच समोर येईल. दुसरं, प्रोबेशन ही त्या मुलाच्या आयुष्यभराची नोंद असते. अनेक राज्यांच्या लायसन्सच्या अर्जात आणि हॉस्पिटलच्या क्रेडेन्शियलिंगमध्ये ‘प्रशिक्षणात कधी प्रोबेशनवर होतात का’ हा प्रश्न पुढची तीस वर्षं विचारला जातो. व्हिसावर असलेल्याला तर नोकरीच्या शोधातच त्याचा फटका बसतो. ज्या मुलाची पास होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती त्याच्या कपाळी हे लिहायचं, तेही तीन टक्क्यांच्या चढउतारावर, याला मी अन्याय म्हणते. तिसरं, आयटीईला शिक्षा जोडली की मुलं आयटीईसाठी अभ्यास करतात, जुने प्रश्न एकमेकांना सांगतात, आणि तुमचं मोजायचं साधनच बिघडतं. एसीजीएमईला वैयक्तिक अभ्यास-योजना तशीही हवीच असते. तीच करा, तिला तेच नाव द्या आणि शिस्तीच्या फायलीपासून लांब ठेवा.

मग करायचं काय? निकाल आले की ज्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या आयटीईत बरोबर उत्तरांची टक्केवारी तळाच्या तिसऱ्या हिश्शात आहे, त्या प्रत्येकाशी एकट्याने तासभर बसा. तळाचा तिसरा हिस्सा का? कारण मदतीने पास होणाऱ्याचं काही नुकसान होत नाही, त्यामुळे जाळं रुंद टाकायला हरकत नाही. रेष कडक ठेवण्याचा हट्ट शिक्षा द्यायची असते तेव्हाच लागतो. बाराच्या बॅचमध्ये हे चार जण होतात. चार तास तुमच्याकडे नक्की असतील.

त्या तासात ‘अभ्यास वाढव’ असं सांगू नका. दहा प्रश्न समोर ठेवा आणि त्याला मोठ्याने वाचत, मोठ्याने विचार करत सोडवायला सांगा. तुम्ही गप्प बसा. महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजातून आलेली आमची एक रेसिडेंट होती, वॉर्डात अतिशय तयार. प्रश्न असा होता: तिशीतली बाई, दोन्ही घोटे सुजलेले, नडग्यांवर दुखऱ्या लालसर गाठी, थोडा ताप, एक्स-रेत दोन्ही बाजूंचे हायलर (फुफ्फुसांच्या मुळाशी असलेले) लिम्फ नोड्स मोठे. पुढे काय करावं? ती तिसऱ्या ओळीलाच म्हणाली, ‘टीबी.’ आणि पुढचं वाचताना टीबीला पुरावे गोळा करत गेली. पर्यायांतून तिने नोडची बायोप्सी निवडली. उत्तर होतं लोफग्रेन सिंड्रोम, म्हणजे सारकॉइडोसिसचं एक रूप. सुजलेले घोटे, नडग्यांवरच्या गाठी आणि मोठे नोड्स हे तिन्ही एकत्र दिसले की सहसा बायोप्सीची गरज नसते, वेदनाशामक देऊन वाट बघायची. मी विचारलं, सारकॉइड माहीत नव्हतं का? तिला सगळं माहीत होतं, घडाघडा सांगितलं. पण जिथे ती शिकली तिथे छातीत गाठी दिसल्या की आधी टीबी धरायचा हेच बरोबर होतं, आणि तिथल्या पेशंटसाठी आजही बरोबर आहे. तिला आणखी पुस्तकं नको होती. इथल्या रोगांचं प्रमाण डोक्यात नव्याने बसवायला हवं होतं, आणि प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय. तिच्या आयटीईच्या आकड्यात यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं.

बाहेरून आलेल्या मुलांत मला वारंवार दिसणाऱ्या इतर गोष्टीही अशाच, नेमकं बघितल्यावरच कळणाऱ्या. ओपीडीतलं प्रतिबंधक वैद्यक कच्चं असतं: आतड्याच्या कॅन्सरची तपासणी कोणत्या वयापासून, हे आपल्याकडे कुणी परीक्षेत विचारत नाही. इथे २०२१ मध्ये ते वय ५० वरून ४५ वर आलं आणि लगेच प्रश्नांत उतरलं. वृद्धांचं वैद्यक, शेवटच्या आजारातले निर्णय, पेशंटच्या संमतीचे प्रश्न यांतही गुण जातात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या काही मुलांना ज्ञानाची नाही, इंग्रजीत लांबलचक केस भरभर वाचण्याची अडचण येते. दोन मिनिटांच्या प्रश्नात वीस सेकंद वाचण्यात जास्त गेले की शेवटचे दहा प्रश्न अंदाजाने होतात. हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे चुकलेले प्रश्न पेपरच्या कोणत्या भागात जास्त आहेत हे सरावाच्या टेस्टमध्ये बघणं. शेवटाकडे चुका वाढत असतील तर वेगाचा सराव, विषयाचा नाही.

कधी त्या तासात कळतं की मुलगा चार महिने झोपत नाहीये, किंवा घरी गावाकडे वडील आजारी आहेत, किंवा मुळात वाचनाचा किंवा लक्ष टिकवण्याचा विकार आहे जो कधी तपासलाच गेला नाही. शेवटच्या बाबतीत एबीआयएमकडून जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात, पण कागदपत्रं बरीच लागतात आणि अर्ज खूप आधी करावा लागतो. म्हणून हेही दुसऱ्या वर्षीच कळायला हवं.

अभ्यासाची योजना साधी ठेवा. एमकेसॅप किंवा कोणतीही एक चांगली प्रश्नपेढी, एकच, आणि ती पूर्ण. रोज दहा-पंधरा प्रश्न, वेळ लावून, आणि चुकलेल्याचं स्पष्टीकरण स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिहायचं. महिन्यातून एकदा साठ प्रश्नांचा दोन तासांचा एक सलग भाग. विषयांचं वजन बोर्डाच्या आराखड्याप्रमाणे: हृदयरोग १४ टक्के, तर एंडोक्राइन, पोटाचे विकार, संसर्गजन्य रोग, फुफ्फुसं आणि ऱ्हुमॅटॉलॉजी-ऑर्थो (सांधे-हाडांचे विकार) प्रत्येकी ९ टक्के. ऱ्हुमॅटॉलॉजीचे ९ टक्के ऐकून मुलं दचकतात, कारण त्या रोटेशनला अनेक प्रोग्रॅममध्ये दोन आठवडेसुद्धा मिळत नाहीत. तेवढं तुमच्या वेळापत्रकात तुम्ही बदलू शकता. आणि तिसऱ्या वर्षाच्या वसंतात, मार्च-एप्रिलमध्ये, या चार जणांना आयसीयूच्या महिन्याऐवजी हलकं रोटेशन द्या. रोटेशन ठरवणं तुमच्या हातात आहे, त्यामुळे हा उपाय उद्यासुद्धा सुरू होऊ शकतो.

आयटीईत वर राहूनही नापास होणारे थोडे असतातच. फेलोशिपचं मॅच लागल्यावर, म्हणजे जागा मिळाल्यावर, पुस्तक मिटून ठेवलेले, बाळ झालेलं, वर्षभर संशोधनात गेलेले. त्यांच्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत सगळ्यांनाच वेळ लावून एक सरावाचा पेपर द्या. एवढं पुरतं.

शेवटी ते सात जण. त्यांना तुमच्या हिशेबातून वजा करू नका. रेसिडेन्सी संपल्यापासून सात वर्षं ते बोर्डाला बसू शकतात, आणि एसीजीएमई सात वर्षांनी अखेर किती जणांना प्रमाणपत्र मिळालं तेही बघतं. प्रत्येकाला एबीआयएमने विषयवार निकालाचा कागद दिलेला असतो. फोन करा, तो कागद मागवा, त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या आयटीईशेजारी ठेवा आणि त्यांच्याशीही तो तासभर बसा, व्हिडिओ कॉलवर का होईना. बहुतेकांना प्रोग्रॅममधून कुणी फोन करेल अशी अपेक्षाच नसते. त्यांची पुढची परीक्षा ऑगस्टमध्ये असेल तर हा फोन या महिन्यातच जायला हवा.